सुंदरबनातून फलटणला आलेलं अक्षर

मेंढीची कुठलीही एक पेशी घ्या. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही, पण तिच्यात साधारण २६० कोटी अक्षरांचा मजकूर भरलेला असतो. अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. तीच पुन्हा पुन्हा, क्रम बदलून. आता या २६० कोटींतलं एकच अक्षर बदला. एका ठरावीक जागी ए आहे तिथं जी येऊ द्या. बाकी सगळं जसंच्या तसं.

काय फरक पडेल? बहुतेक जागी काडीचाही नाही. असे बदल प्रत्येक प्राण्यात ढिगानं असतात, तुमच्या-माझ्यातही आहेत, आणि आपण मजेत जगतो. पण ही जागा वेगळी आहे. इथं ए जाऊन जी आला की मेंढीला जुळं होतं. जिच्या आईला, आजीला, पणजीला दर वेताला एकेकच कोकरू झालं, तिला दोन होतात, कधी तीन. वेगळा चारा नाही, इंजेक्शन नाही, गोळी नाही. फक्त एक अक्षर!

या अक्षराचा प्रवासही तसाच अफाट. बंगालमधून ते ऑस्ट्रेलियाला गेलं, तिथं दीडशे वर्षं कुणाच्या लक्षात न येता राहिलं, मग ओळखलं गेलं, आणि ओळख पटल्यावर बंगालमधूनच सातारा जिल्ह्यातल्या फलटणला आलं. देशी जनावरांच्या जाती म्हणजे नेमकं काय, त्यांच्यात काय साठवलेलं असतं, हे समजून घ्यायला याहून चांगली वाट मला माहीत नाही.

सुरुवात ऑस्ट्रेलियापासून करू. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा नावाच्या गावाजवळ ‘बुरूला’ नावाची एक मेंढपाळी होती. मालक सीअर्स बंधू. त्यांच्याकडच्या मेंढ्या मेरिनो, म्हणजे मऊ लोकरीसाठी जगभर नावाजलेल्या. पण मेरिनो मेंढी जुळ्यांसाठी कधीच प्रसिद्ध नव्हती. सीअर्स बंधूंना मात्र नाद लागला. ज्या मेंढीला जुळं-तिळं होईल तिचीच पिल्लं पुढच्या पैदाशीला ठेवायची. वर्षानुवर्षं त्यांनी एवढंच केलं. १९५८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेला, सीएसआयआरओला, एक मेंढा भेट दिला. तो एका वेताला झालेल्या पाच भावंडांतला होता.

पाच! पशुपैदाशीच्या शास्त्रज्ञांना हे पचणं अवघड होतं. कारण दूध, वजन, उंची, पिल्लांची संख्या असे गुण शेकडो जनुकांच्या हातात असतात. प्रत्येक जनुक चिमूटभर भर घालतं. म्हणून निवड कितीही कडक केली तरी सुधारणा मुंगीच्या पावलानं होते. सीअर्स बंधूंनी मोठ्या चिकाटीनं निवड केली होती हे खरं, पण नुसत्या चिकाटीनं एवढी उडी मारता येत नाही.

मग शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. कोकरं मोजण्याऐवजी बीजं मोजली. मेंढीच्या पोटाला छोटंसं छिद्र पाडून बारीक दुर्बीण आत घालायची आणि अंडाशयाकडे थेट बघायचं. प्रत्येक सुटलेलं बीज आपल्यामागं एक उंचवटा सोडून जातं, त्याला पीतपिंड म्हणतात. पीतपिंड किती ते मोजलं की या वेळी किती बीजं सुटली ते कळतं. त्यांना काय दिसलं? काही मेंढ्यांत एक किंवा दोन. काहींत तीन-चार. आणि काहींत पाच किंवा त्याहून जास्त.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष असं की हे तीन ढीग होते. शेकडो जनुकांचा मामला असता तर आकडे एकमेकांत मिसळत गेले असते, कुठं रेघ मारावी तेच कळलं नसतं. इथं मेंढ्या आपणहून तीन गटांत उभ्या राहिल्या. असं कधी होतं? सगळा खेळ एकाच जनुकाचा असेल तेव्हा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. बदललेली प्रत एकही नसेल तर पहिला ढीग, एक असेल तर दुसरा, दोन्ही असतील तर तिसरा. डीएनएचं एक अक्षरही न वाचता, केवळ उंचवटे मोजून, १९८० च्या सुमाराला त्यांनी हे ताडलं. मला तर या कथेतला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. यंत्रं यायच्या आधीचा, निव्वळ डोक्यानं केलेला.

पण एक अक्षर बीजं वाढवतं कसं? त्यासाठी अंडाशयात डोकवावं लागेल. दर माजाच्या वेळी तिथं पाण्यानं भरलेल्या बारीक बारीक पुटिका वाढू लागतात, प्रत्येकीत एक बीज. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी त्यांना पोसणारं संप्रेरक रक्तात सोडते. पुटिका वाढू लागल्या की त्याही आपलं संप्रेरक सोडतात, आणि ते वर पोचलं की पीयूष ग्रंथी हात आखडता घेते. पोषण घटतं. ज्या पुटिका अजून लहान आहेत त्या सुकून जातात. जी सगळ्यांत पुढं गेली तीच तेवढी तगते, पिकते, फुटते. एक पुटिका, एक बीज, एक कोकरू. निर्दय पण काटेकोर हिशेब.

बदललेल्या अक्षराची मेंढी या हिशेबात नेमकी कुठं हात घालते बघा. तिच्या पुटिका लवकर पिकतात. आकारानं लहान असतानाच त्या फुटायला तयार होतात. त्यामुळं पीयूष ग्रंथी हात आखडता घेईपर्यंत एकीच्या जागी दोन-तीन पुटिका पार झालेल्या असतात. आणि गंमत अशी, की या तीन लहान पुटिकांतल्या पेशींची बेरीज केली तर ती एका मोठ्या पुटिकेतल्या पेशींएवढीच भरते. तेवढ्याच पिठात एका मोठ्या भाकरीऐवजी तीन लहान थापाव्यात तसं. पीयूष ग्रंथीला खालून येणारा संप्रेरकाचा निरोप तेवढाच असतो, म्हणून वर कुणाला संशयही येत नाही.

ते अक्षर प्रत्यक्ष सापडलं २००१ मध्ये, आणि एकाच वर्षात न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या तीन वेगवेगळ्या गटांना सापडलं. जनुकाच्या मजकुरातलं ७४६ वं अक्षर. त्यामुळं सुमारे पाचशे अमिनो आम्लांच्या साखळीतलं २४९ वं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येतं. या साखळीतून जे प्रथिन बनतं ते पेशीच्या पृष्ठभागावर बसून बाहेरचे निरोप घेतं. या निरोपांचा शोध पहिल्यांदा कशाच्या अभ्यासात लागला माहीत आहे? हाडांच्या! नवीन हाड तयार करा असं सांगणाऱ्या प्रथिनांचा तो गोतावळा. शरीरानं तीच भाषा अंडाशयातही वापरली. निसर्ग नवीन अवजारं फारशी घडवत नाही, जुनीच नव्या कामाला जुंपतो.

आता खरा प्रश्न. मेरिनोत हे अक्षर आलं कुठून? मेरिनोचं मूळ स्पेन, आणि तिथं असलं काही नव्हतं.

हेलन न्यूटन टर्नर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बाईंनी जुनी दप्तरं धुंडाळली. सिडनीची वसाहत १७८८ ची. सुरुवातीला तिथं खायची मारामार. तेव्हा मांस आणायचं कुठून? जवळात जवळचं मोठं इंग्रजी बंदर कलकत्ता. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या जहाजांत बंगालची मेंढरं होती, आणि या मेंढ्यांना भरपूर पिल्लं होतात अशी त्यांची ख्याती त्या काळच्या लिखाणात नोंदलेली होती. पुढं मेरिनो आले, लोकरीचे भाव चढले, आणि बंगाली मेंढरं त्या मोठ्या कळपांत विरघळून गेली. त्यांचं रूप, रंग, आकार, सगळं पुसलं गेलं. एक अक्षर तेवढं उरलं. दीडशे वर्षांनी सीअर्स बंधूंनी जुळीतिळी निवडायला सुरुवात केली तेव्हा, स्वतःला पत्ता नसताना, ते बंगालचं अक्षर वेचत होते.

टर्नरबाईंचा हा तर्क होता. तो पडताळायचा तर बंगालमध्येच जायला हवं. तिथं, गंगेच्या मुखाशी, सुंदरबनात गारोल नावाची मेंढी अजून आहे. वजन जेमतेम दहा ते पंधरा किलो. भरतीच्या पाण्यानं खारट झालेला दलदलीचा मुलूख, आणि ही मेंढी गुडघाभर पाण्यात उभी राहून गवत खाते. बाकीच्या मेंढ्या अशा चिखलात चार दिवस ठेवल्या तर खुरांत कुजू लागतात, लंगडतात. हिचे खूर टिकतात. ओल्या कुरणांत मेंढ्यांच्या पोटात जंत होतात आणि रक्त शोषून मेंढी मारतात. तेही ही इतरांपेक्षा बरंच सोसते. आणि हिला जुळं होणं ही तिथली रोजचीच गोष्ट, तिळ्यांचंही कुणाला अप्रूप नाही.

गारोलचा डीएनए तपासला गेला. जागा तीच, अक्षर तेच, जी. शिक्कामोर्तब!

हे अक्षर सुंदरबनात का टिकलं असेल याचा विचार करण्यासारखा आहे. तिथं घरटी चार-सहा मेंढ्या. दिवसभर घराच्या आसपास चरायच्या, संध्याकाळी अंगणात. हिरवं बारमाही. आईचं अंग लहान, पिल्लंही लहान, आणि एखादं अशक्त निघालं तर घरातली बाई त्याला हातानं पाजते. अशा ठिकाणी दोन पिल्लं म्हणजे निव्वळ नफा. हेच अक्षर माणदेशात उपजलं असतं तर? रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणारी, उन्हाळ्यात कुसळं खाऊन दिवस काढणारी आई दोन पिल्लांचं दूध आणणार कुठून? दोन्ही गेली असती, कदाचित तीही. म्हणजे अक्षर चांगलं की वाईट हे त्या अक्षरात लिहिलेलं नसतं. ते जमीन ठरवते.

आणि तरीही ते माणदेशाच्या वेशीवर आणायचं धाडस फलटणला झालं. तिथं बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, तिचं लघुरूप ‘नारी’. १९९० च्या दशकात त्यांनी सुंदरबनातल्या गारोल मेंढ्या फलटणला आणल्या. पुढं हे काम त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी हाती घेतलं, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीनं. (चंदाताई इरावती कर्व्यांच्या नात. आजीनं या मुलखातल्या माणसांचे गोत आणि नाती अभ्यासली, नातीनं मेंढ्यांची. असा योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

अडचण उघड होती. धनगराला जुळी हवी असतील कदाचित, पण दहा किलोची मेंढी त्याला नको. त्याची दख्खनी मेंढी गारोलच्या दुपटीहून मोठी, काळी, राकट. मेंढीचं मोल शेवटी किलोवर होतं. मग दख्खनीच्या अंगात गारोलचं फक्त एक अक्षर कसं घालायचं? बाकीची गारोल कशी बाहेर काढायची?

याचं उत्तर इतकं सोपं आहे की ऐकून हसू येतं. गारोल नर आणि दख्खनी मादी यांचं पिल्लू निम्मं गारोल. त्याचा संकर पुन्हा दख्खनीशी केला की पाव. पुन्हा केला की अष्टमांश. दर पिढीत गारोल निम्म्यानं घटते. पण ते अक्षरही दर वेळी निम्म्याच पिल्लांत उतरतं ना? हो. म्हणून दर पिढीत अक्षरवाली पिल्लं निवडून काढायची आणि त्यांनाच पुढं न्यायचं. जुन्या काळी यासाठी मेंढी मोठी होऊन व्यायची वाट बघावी लागली असती, आणि नराचं तर काहीच कळलं नसतं, कारण नर थोडाच वितो! आता कोकराच्या रक्ताचा थेंब पुण्याला पाठवला की प्रयोगशाळा सांगते, ए की जी. काही पिढ्यांत जी मेंढी उभी राहिली ती बघायला दख्खनीसारखी, चालायला दख्खनीसारखी, आणि अंगात ते एक अक्षर. तिचं नाव ‘नारी सुवर्णा’. पूर्वी दख्खनीच्या शंभर वेतांमागं शंभराच्या जरा वर कोकरं व्हायची. या मेंढ्यांत ती साधारण दीडशेच्या घरात गेली.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, मग काय, सुटलाच प्रश्न! ज्या जातीत जो चांगला गुण असेल त्याचं अक्षर शोधा, उचला, हवं तिथं चिकटवा. एवढ्या साऱ्या जाती सांभाळायचा खटाटोप कशाला?

थांबा. गारोलचं अक्षर हा अपवाद आहे, आणि अपवाद आहे म्हणूनच त्याचा एवढा गाजावाजा. आपल्याकडच्या बाकी जातींचं मोठेपण असं एका जागी ठेवलेलं नाही.

पावसाळ्यात इगतपुरी, पेठ, सुरगाणा किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात जाऊन डांगी गाय बघा. चार महिने धो धो पाऊस, आभाळ फाटल्यासारखा. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर लाल ठिपके-डाग, चाल शांत. तिच्या अंगावरून हात फिरवला तर बोटांना तेलकट लागतं. तिच्या कातडीतून एक तेलकट स्राव झिरपत असतो, त्यामुळं पावसाचं पाणी कातडीत मुरत नाही. खूर काळे, गारगोटीसारखे कठीण. भातखाचरात चिखलणीला दिवसभर पोटरीएवढ्या चिखलात राबायचं आणि संध्याकाळी दगडगोट्यांची वाट चढून घरी यायचं, तर खूर असेच हवेत. हीच गाय सोलापूरच्या कोरड्या माळावर नेली तर तिथली खिलार तिला चालण्यात केव्हाच मागं टाकेल. आणि खिलार बैल? पांढराशुभ्र, शेलाटा, कातडी अंगाला घट्ट, वाऱ्यासारखा. त्याला डांगच्या पावसात चार महिने ठेवा, मग बघा हाल. दोघांच्या गावांत नकाशावर फार तर दोन-तीनशे किलोमीटरचं अंतर.

आता डांगीच्या तेलाचं अक्षर कुठलं? खिलारच्या चालीचं कुठलं? असं एक अक्षर नाही. स्नायू, सांधे, खुरांची वाढ, घामाच्या ग्रंथी, श्वास, पचन, स्वभावसुद्धा, सगळ्यांत थोडं थोडं पसरलेलं आहे ते. पिढ्यान्‌पिढ्या पावसानं आणि माळानं जी जनावरं तगू दिली त्यांच्यात साचत गेलेलं. रक्ताच्या एका थेंबाच्या चाचणीनं ते उचलता येत नाही. ते ठेवायला एकच जागा आहे, खुद्द डांगी गाय, आणि तीही डांगात.

उन्हाचंच घ्या. आपल्या वशिंडाच्या गाई आणि युरोपातल्या सपाट पाठीच्या गाई दिसायला चुलतबहिणी, पण त्यांचे रानटी पूर्वज माणूस शेती करू लागायच्या कित्येक लाख वर्षं आधीच वेगळे झाले होते. माणसानं त्यांना माणसाळवलंही वेगवेगळ्या ठिकाणी. युरोपच्या गाईंची आजी पश्चिम आशियातली. आपल्या गाईंची सिंधूच्या पट्ट्यातली, सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची, बलुचिस्तानातल्या मेहरगढला तिच्या खुणा मिळतात. आपल्या गाईच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि कातडीच्या वरच्या थरात, म्हणून घाम लवकर सुटतो. केस आखूड, तुकतुकीत, उन्हाला परतवणारे. खालची कातडी मात्र काळी. गळ्याखालची पोळी लोंबती. शरीराची भट्टीही जरा मंद जळते, त्यामुळं आतून उष्णताच कमी तयार होते.

आणि एवढ्यावर संपत नाही. फ्लोरिडात एक प्रयोग झाला. वशिंडाच्या ब्राह्मण जातीच्या आणि युरोपीय होल्स्टीन गाईंचे काही दिवसांचे भ्रूण काचेच्या बशीत ठेवून ४१ अंशांवर तापवले. भ्रूण! त्यांना ना घामाच्या ग्रंथी, ना पोळी, ना कातडी. तरी ब्राह्मणचे भ्रूण उन्हाला जास्त पुरून उरले. म्हणजे सोसण्याची ताकद कातडीपुरती नाही, एकेका पेशीत आहे. फलटण-बारामतीच्या गोठ्यांत मे महिन्याच्या दुपारी संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते, तिच्यासाठी पंखे आणि पाण्याचे फवारे लावावे लागतात. शेजारी बांधलेली खिलार निवांत रवंथ करत असते.

या ताकदीची किंमत आपल्याआधी ब्राझीलनं ओळखली. आंध्रच्या नेल्लोर भागातून गेलेले ओंगोल बैल तिथं ‘नेलोरे’ झाले, आणि आज वीस कोटींवर गुरं असलेल्या त्या देशात बहुतेकांत वशिंडाचं रक्त आहे. गेले ते प्रामुख्यानं वळू. तिथं आधीपासून असलेल्या युरोपीय गाईंशी त्यांचा संकर होत गेला, पिढीमागून पिढी, फलटणला झाला तसाच निम्मं-पाव-अष्टमांशाचा हिशेब. पण पेशीतल्या एका कप्प्यात, मायटोकॉन्ड्रियात, थोडासा डीएनए असा असतो जो फक्त आईकडून येतो. तो या हिशेबात कधीच निम्मा होत नाही. म्हणून आजच्या कित्येक नेलोरे गाई बाहेरून शंभर टक्के तेलुगू दिसतात आणि त्यांचा मायटोकॉन्ड्रिया मात्र युरोपातल्या कुठल्यातरी खापरपणजीचा निघतो!

पुन्हा मेंढीकडे येऊ, कारण तिची गोष्ट अजून संपलेली नाही.

दख्खनी मेंढीचं स्वतःचं मोठेपण आहेच, फक्त त्याचा कुणी आकडा मांडत नाही. दिवाळीच्या आसपास धनगरांचे वाडे माणदेश, फलटण, खटावकडून निघतात आणि घाट उतरून कोकणात जातात. पावसाच्या आत पुन्हा वर. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, लेंड्या आणि मुताचं खत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. या सगळ्या चालीत जी मेंढी मागं पडली ती पैदाशीतून गेली. जी उन्हाळ्यात खंगूनही पावसाच्या पहिल्या गवतावर पुन्हा उभी राहिली ती उरली. तिची लोकर इतकी राठ की अंगाला टोचते, पण घोंगडं त्याच लोकरीचं व्हायचं, पावसात मुरमाच्या माळावर झोपणाऱ्या माणसासाठी. शास्त्रज्ञांनी मऊ लोकरीच्या परदेशी नरांशी तिचा संकर करायचे प्रयोग मधल्या काळात केलेच. धनगरांनी ते फारसे मनावर घेतले नाहीत. मला वाटतं, धनगर त्यांच्याहून शहाणे ठरले.

जुळ्यांच्या बाबतीतही त्यांचं मत विचारावं लागलं. अक्षराची एक प्रत असलेली मेंढी त्यांना मानवते, बहुधा दोन कोकरं. दोन प्रती असल्या तर तिळ्यांची भीती, आणि तिसरं कोकरू जगवायला आईकडं थानं दोनच. शिवाय वाट चालायची. नुकती जन्मलेली कोकरं घोड्यावरच्या झोळीत घालून न्यावी लागतात, आणि तीही किती न्यायची? गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात मूठभर मका किंवा पेंड जास्त द्यावी लागते. ते अक्षर बीजं देतं, दूध देत नाही. दुधाची तजवीज धनगरानं करायची.

पण ती त्याच्याकडं आधीपासूनच होती. शंभर मेंढरांच्या कळपात नजर टाकलीत तर मधेच चार-दोन शेळ्या दिसतील. बघणाऱ्याला वाटतं चुकून मिसळल्या असतील. त्या चुकून आलेल्या नसतात. मेंढीला दूध बेताचंच, शेळी मात्र दुपत्याची. वाड्यावरच्या चहाला तिचंच दूध लागतं, आणि ज्या कोकराला आईचं पुरत नाही त्यालाही तिच्याच थानाशी लावतात. शेळी आधी लाथा झाडते, मग दोन दिवसांत त्याचा वास ओळखू लागते, आणि तिसऱ्या दिवशी ते कोकरू दिसलं नाही तर उलट तीच ओरडत सुटते.